बकऱ्यांच्या बेटावरचा पूल

२ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून रोजनिशी. कल्पना हेसुकची. "विद्यापीठात जे काय होतं ते लिहून काढत जा," ती म्हणाली, "म्हणजे जेवताना मला ऐकावं लागणार नाही." इतक्या वर्षांच्या संसारानंतरही बायको नवऱ्याच्या कामाची एवढी काळजी करते, हे थोडं नाही.

तर काम असं आहे. मिन बोराम ही माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. आधीचे मार्गदर्शक परदेशी निघून गेले म्हणून माझ्या पदरात पडली. कॉम्प्युटर गेम खेळताना माणसाला नवीन कसं सुचतं ते तपासायचं, आणि तोच गेम हाताशी घेऊन डिझाइनच्या मुलांना नवीन सुचायला शिकवायचं, हा तिचा विषय. गेम तिने स्वतःच बनवलाय. नाव, 'बकऱ्यांचं बेट'. अलीकडे बकऱ्या, पलीकडे गवत, मध्ये खोल दरी. सामानात बांबू, दोर, फळ्या, कापड, रिकामी पिंपं आणि एक जुनी होडी. काय वाटेल ते करा, पण बकऱ्यांना चारा मिळाला पाहिजे. वर्गातली सगळी मुलं एकाच बेटावर, टोपणनावं घेऊन खेळणार. कुणी काय बांधलं, काय मोडलं, काय बोललं, सगळं गेममध्ये साठत जातं. पहिली कल्पना सुचल्यावर मूल तिलाच डिंकासारखं चिकटून राहतं की वाट बदलून बघतं, एवढंच बोराम मोजते. मला हे फार आवडलं. मुलांनी वाट बदलावी असं मी तीस वर्षं सांगत आलोय.

आजच्या बैठकीत विभागप्रमुख येओम म्हणाला, "म्हणजे प्योसर, आता डॉक्टरेट बकऱ्या वळून मिळणार तर!" सगळे हसले. हा येओम एके काळी माझाच विद्यार्थी होता. साधी पट्टी सरळ धरता येत नव्हती.

गंमत बाजूला. बोरामची मुदत या डिसेंबरात संपते. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला तर तिचं नाव कमी होईल, आणि मग इक्सानला थोरल्या बहिणीच्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानात उभं राहायचं. कोंबडी उत्तम असते, मी खाल्लीय. पण पोरीने त्यासाठी इतकी वर्षं घालवलेली नाहीत.

१० सप्टेंबर, बुधवार

काल पहिला तास झाला. मुलांनी बेटावर जो काही धुडगूस घातला तो पाहून मला हसावं की खुर्चीत बसून घ्यावं कळेना. एकाने बकरीला पिंपात बसवून उतारावरून सोडून दिलं. दुसऱ्याने दरीच बुजवायला घेतली. तिसऱ्याने बकऱ्यांना हातही लावला नाही, पलीकडचं गवत कापून दोराने ओढून आणलं. आणि नामगुंग सोल नावाची तिसऱ्या वर्षाची मुलगी आहे, केस मुलासारखे कापलेली, तिने होडीला कापडाचं शीड बांधून बकऱ्या चक्क वाऱ्यावर पलीकडे उडवल्या.

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "छान. पण पूल कुठाय?"

"सर, पूल बांधा असं कुठं म्हटलंय?"

"म्हटलेलं नाही. पण दरी दिसतेय ना?"

तिने मान खाली घातली. "चुकलं, सर."

चुकलं वगैरे काही नाही, मी तिला लगेच धीर दिला. पण घरी येताना विचार केला, या पोरांना जाणत्या माणसाचा नमुना कुणी दाखवणार की नाही? प्रयोगात एक अनुभवी खेळाडू असायलाच हवा. आज बोरामला सांगितलं.

"सर, म्हणजे... तुम्ही स्वतः?"

"टोपणनावाने. कुणाला पत्ता लागणार नाही."

"सर, त्याची खरंच गरज आहे का?"

"मला नाही गं. शास्त्राला आहे."

ती "हो सर" म्हणाली. कान लाल झाले होते. भारावली बिचारी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

टोपणनाव घेतलं 'कोवळा मुळा'. पहिल्या वर्षाच्या पोराला शोभेल असं. माझ्या खोलीचं दार लावून दुपारी दोन वाजता बेटावर उतरलो. बोलायच्या चौकटीत लिहिलं, "सर्वांना नमस्कार. मी प्रथम वर्षाचा विद्यार्थी आहे. आज हवा प्रसन्न आहे. कृपया मला बांबू कोठे मिळतील, हे कोणी सांगेल काय?"

एकजण म्हणाला, "हे कोण ध्यान आलं?" मग बराच वेळ कुणी काही बोललंच नाही. मग त्याच मुलाने लिहिलं, "नमस्कार. आपलं जेवण झालं का? बांबू आपल्या उजव्या हाताला आहेत. हवे तर आमचे घ्या."

किती संस्कारी मुलं! लोक उगीच नव्या पिढीच्या नावाने बोटं मोडतात.

मी तीन कमानींचा पूल उभारला. विद्यापीठामागच्या ओढ्यावर मी रेखाटलेला आहे, अगदी तसाच. त्याचा फोटो विभागाच्या जिन्यात लावलेला आहे, पण तो कुणी बघत नाही, त्यामुळे ओळखू येण्याची धास्ती नव्हती. पूल दिसायला झकास झाला. बकऱ्या सोडल्या तर त्या सगळ्या मधल्या कमानीवर जमा झाल्या आणि पूल बसला. बकऱ्या दरीत पडल्या, मग ओल्या होऊन, बें बें करत वर आल्या. मी बोरामला फोन करून बकऱ्यांत दोष आहे म्हणून सांगितलं.

"सर, बकऱ्या सगळ्यांना सारख्याच आहेत."

"अगं, पण त्या मध्ये का थांबतात?"

"बकऱ्या आहेत ना, सर."

असो. खऱ्या जगातसुद्धा वापरणारी माणसं वेड्यासारखीच वागतात.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज मन भरून आलं. एकाही शब्दाने शिकवलं नाही, नुसतं मुलांत मिसळून खेळलो, आणि मुलं आपोआप कमानीकडे वळली! मी पहिला खांब रोवला तेव्हा पिंपवाला पोरगा पिंप सोडून माझ्याकडे बघत उभा राहिला. तिसरा खांब रोवेपर्यंत बेटावर सगळीकडे कमानी. नामगुंग सोलनेही शीड उतरवलं.

पूल पडायचा तसा पडला. पण एक गोष्ट पाहण्यासारखी होती. माझा पडल्यावर पाठोपाठ बाकीच्यांचेही पडले, आणि एकाने लिहिलं, "या दरीचंच काहीतरी बिघडलंय." मला तेच वाटत होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

चुसोकची, सुगीच्या सणाची सुट्टी. सकाळी हेसुकबरोबर ओढ्यावर फिरायला गेलो. मी म्हटलं, पुलावरून जाऊ. ती म्हणाली, खालच्या दगडांवरून जाऊ. सणासुदीला दगडांवरून उड्या मारत ओढा ओलांडण्यात तिला काय आनंद वाटतो देव जाणे. पाण्याची ओढच आहे तिला पहिल्यापासून. मी एकटाच पुलावरून गेलो आणि पलीकडे तिची वाट पाहत थांबलो. पुलावर दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे कमानीची रेघ छान डोळ्यांत भरत होती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

बोरामने आकडे आणले. मी येण्याआधी मुलं सगळीकडे पांगलेली, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. मी आल्यावर सगळी एका जागी. आलेखावर आधी मुरमुरे सांडल्यासारखे ठिपके, आणि मग एकच टपोरा डाग. मी टेबलावर हात आपटला.

"बोराम, हा आपला शोध! जाणत्याची संगत मिळाली की मुलं भटकणं सोडून नेमक्या आकाराकडे येतात. याच्यावर अख्खं तिसरं प्रकरण लिही."

"सर, पण आपण तर मुलं किती वाट बदलतात ते..."

"हो, पण पोहोचल्यावर कशाला बदलायची?"

तिने आलेख पुन्हा स्वतःकडे वळवला. मग म्हणाली, "सर, एक खेळाडू बाजूला काढून पुन्हा मोजून पाहू का? नुसतं तपासायला."

"कोणता?"

"कुठलाही. म्हणजे, उदाहरणार्थ... मुळा."

"अगं, तोच तर आधार आहे सगळ्याचा! मन मानेल तसा नमुना गाळायचा नसतो. मी तुला हेच शिकवलं का?"

"नाही, सर."

तिला संशोधनाची अजून सवय नाही. डिसेंबरपर्यंत तयार होईल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज नामगुंग सोल कॉफीच्या मशीनपाशी भेटली. वाकून नमस्कार केला. मी सहज विचारलं, "काय, बेटावर कसं चाललंय?"

"छान, सर. मुळा म्हणून एक आहेत, त्यांच्याकडून खूप शिकायला मिळतं."

"असं? कोण आहे ते?"

"काही कल्पना नाही, सर," असं म्हणत ती इतक्या घाईने गेली की कॉफी घ्यायची राहिली. मी ती प्यायलो. मोठ्या माणसाला नाव लपवून काम करण्यात एक निराळंच सुख असतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज इम्सिलला मोठ्या मेहुणीकडे थंडीपुरतं कोबीचं लोणचं, किमची, घालायचा सोहळा. दरवर्षी सगळं माहेर जमतं, कोबीचे डोंगर रचलेले असतात, आणि मेहुणीबाई मधोमध पाटावर बसून मसाला कालवतात. त्यांचा हात मिठाला फार सैल. दरवर्षी त्या कोवळं पान मसाल्यात बुडवून एकेकाच्या तोंडात भरवतात आणि विचारतात, "कसं झालंय?" आणि दरवर्षी सगळे म्हणतात, "वा, ताई, अगदी बेताचं!" मग घरी जाऊन प्रत्येक बाई गुपचूप मुळा चिरून डब्यात घालते, खारटपणा शोषला जावा म्हणून. आज धाकट्या साडूचे डोळे पाण्याने भरले होते, तरी म्हणाला, "ताई, औंदा तर कमालच." मीही म्हणालो.

येताना गाडीत मी पोट धरून हसलो. म्हटलं, "काय भित्री माणसं तुमच्या माहेरची! एवढी सत्तरी उलटली बाईंची, आणि आपला हात खारट आहे हे त्यांना जगात कुणी सांगितलेलं नाही. त्यांना वाटत असेल, आपल्यासारखी किमची कुणाला जमत नाही. खरं तर कीव येते."

हेसुक खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "आणि तुम्हाला कोण सांगतं?"

"मी कुठे किमची घालतो?"

"नाही घालत," ती म्हणाली. मग झोपी गेली. दिवसभर वाकून कोबी धुतल्याने दमली असावी, नाहीतर असं तुटक बोलत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काय लिहू?

परीक्षकांना दाखवायला माझ्या पुलाचा एखादा चांगला तुकडा हवा होता. बोराम प्रबंध छापून घ्यायला गेली होती, म्हणून म्हटलं, आपणच गेममध्ये शोधू. मी मंगळवार-गुरुवारी दुपारी दोन ते तीन खेळतो. साठवलेला खेळ उघडला खरा, पण दिवस चुकला. मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो, त्या दिवसाचा उघडला.

बेटावर माझ्या ओळखीचं काही नव्हतं. पाळणे. रहाट. फुगलेल्या कापडाच्या पोटात बसून तरंगणाऱ्या बकऱ्या. कुणीतरी सगळी पिंपं माळेसारखी ओवून दरीच्या पाण्यात सोडलेली. आणि नामगुंग सोलचं शीड, आता तीन शिडं, बकऱ्यांचा थवा दरीवरून घिरट्या घालत चाललाय आणि तिने लिहिलंय, "उतरायचं कुठं, हे बकऱ्यांनीच ठरवायचं!" एकही कमान नाही.

मला वाटलं, हा निराळा वर्ग असेल. म्हणून मी होतो तो दिवस उघडला. पण दोनच्या आधीपासून.

तीच सगळी धमाल. मग दोन वाजायला आले आणि कुणीतरी लिहिलं, "आवरा, आवरा! मुळा यायची वेळ झाली." आणि पाहता पाहता पाळणे उतरले, पिंपं रांगेत लागली, शिडं घडी करून ठेवली गेली. मग मी आलो. "सर्वांना नमस्कार." माझा पूल उभा राहिला, पडला. मी गेलो. सोलने लिहिलं, "गेले." पिंपवाला म्हणाला, "आज त्यांचा पूल पडला तेव्हा हसू आवरता आवरेना." सोल म्हणाली, "हसलास तर बघ. आपला पण पाडायचा, एकटा त्यांचाच पडला तर बरं दिसतं का?" मग, "आणा रे पिंपं."

मी एक दिवस पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळे तसेच.

आम्ही शिकत होतो तेव्हा सर लांबून दिसले की पेटती सिगारेट पाठीमागे लपवायचो. एकदा माझ्या कोटाची बाही जळली, तरी सर जाईपर्यंत मी हवापाण्याच्या गप्पा मारत उभा होतो. सरांना काय वाटत असेल? किती गुणी पोरं, हेच.

लाज वाटली. खूप वाटली. पण ती गेल्यावर त्या तरंगणाऱ्या बकऱ्या पुन्हा उघडून पाहिल्या आणि एकटाच हसलो. इतकं सुंदर काम माझ्या विभागात कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. आणि तिकडे बोराम माझा शोध छापून घेत होती.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी हेसुकला सगळं सांगितलं. ती सफरचंद सोलत होती. सोलून झालं, फोडी केल्या, ताटली माझ्यापुढे सरकवली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"बेटाचं कसं माहीत असणार? तुमचं माहीत होतं."

मी धीर करून विचारलं, "ओढ्यावरचा पूल कसा आहे?"

"सुंदर आहे."

"हेसुक."

"अहो, सुंदर आहे हो. फक्त चढ इतका उभा आहे की माझे गुडघे बोलतात. आणि पावसात घसरायला होतं. या वस्तीतल्या सगळ्या बायका दगडांवरूनच जातात."

"सगळ्या?"

"पुरुषही. तुम्ही फिरायला निघालात की तेवढ्यापुरते काही जण पुलावरून जातात. समोरच्या इमारतीतले आजोबा नेहमी जातात. फार मानतात तुम्हाला."

मी एक फोड खाल्ली. मग म्हटलं, "इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कधी?" ती म्हणाली, आणि मग जरा मऊ आवाजात, "तुम्ही पुलावर उभे राहिलात की किती खूश दिसायचात."

१ डिसेंबर, सोमवार

बोरामला बोलावून सांगितलं, तिसरं प्रकरण फाड आणि खरं काय घडलं ते लिही. मी आल्यावर मुलांच्या कल्पना मेल्या, मी गेल्यावर जगल्या. याहून चांगला शोध कोणता?

ती रडेल असं वाटलं होतं. उलट भडकली. भडकली म्हणजे तिच्या मानाने. आवाज तेवढाच, पण हातातला कागदी पेला चुरगळला.

"सर, मला सप्टेंबरपासून माहीत आहे."

"मग का नाही लिहिलंस?"

"काय लिहू? माझ्या मार्गदर्शकांनी माझा प्रयोग बिघडवला, असं? ज्या मुलीने आपल्या सरांना चारचौघांत खाली पाहायला लावलं, तिला कुठलं विद्यापीठ दारात उभं करेल? डॉक्टरेट मिळेल, सर, पण मग तिचं करायचं काय? कोंबडीच्या दुकानात भिंतीवर लावायची?"

"मी सांगतोय ना, लिही!"

"तुम्ही सांगताय म्हणून लिहिलं, तर तेही तुम्ही सांगितलेलंच झालं, सर."

 शेवटी म्हटलं, ठीक आहे, अकरा तारखेला परीक्षकांपुढे मीच सांगतो. ती वाकून नमस्कार करून गेली, नेहमीपेक्षा जरा कमी वाकून.

११ डिसेंबर, गुरुवार

सगळं घडलं तसं लिहितो.

मोठ्या खोलीत लांब टेबल, मांडून ठेवलेली संत्री, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. परीक्षक पाच. मी एक, येओम, विभागातले दोघे, आणि बाहेरच्या म्हणून बुसानच्या प्रा. ग्वाक. या बाई फटकळ म्हणून प्रसिद्ध, मी त्यांच्यावरच भिस्त ठेवून होतो. बोराम पडद्याशेजारी उभी, काळा कोट, चेहरा कागदासारखा पांढरा. तिने बेट दाखवलं, आकडे दाखवले. तिसऱ्या प्रकरणाशी आल्यावर तिचा आवाज बारीक झाला.

मला वाटलं, आता ग्वाकबाई तुटून पडणार. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "हे प्रकरण मला विशेष वाटलं. जाणत्या माणसाचा नुसता सहवाससुद्धा किती करतो! यामागे प्योसरांची दृष्टी दिसते." येओमने मान डोलावली. "सरांच्या विचारांचा अर्कच आहे तो."

मी उभा राहिलो. "ते प्रकरण चुकीचं आहे."

"सर विनयाने बोलताहेत," येओम म्हणाला.

"अरे, विनय कसला! तो कोवळा मुळा मीच आहे. मुलांनी मला ओळखलं आणि मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःच्या चांगल्या कल्पना मोडून माझा पूल बांधला. तो पूल पडायचा!"

मग ग्वाकबाई हळुवार आवाजात म्हणाल्या, "या वयात, या पदावर, सर स्वतः दुपारी मुलांमध्ये बसून खेळले! आजकाल एवढं कोण करतं?" आणि टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. विभागातल्या दोघांनीही. येओम तर डोळे टिपत होता, नाटक नव्हे, मनापासून.

मी हताश झालो. खरं बोललो तर तेसुद्धा यांनी पदराखाली घेतलं. बोरामकडे वळलो. "बोराम, तू सांग. माझा पूल टिकला का?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि सप्टेंबरमध्ये सोलने मान खाली घालण्याआधी जसं पाहिलं होतं तसंच. 'बोल' म्हणून दटावलं तर ती बोलेल, माझ्याच सांगण्यावरून, आणि ते सगळे पुन्हा टाळ्या वाजवतील. पुन्हा दुपारचे दोन वाजणार आणि पुन्हा सगळे आवरायला घेणार.

म्हणून मी कोट उचलला. म्हटलं, "मला जरा बरं वाटत नाहीये. मी बाहेर थांबतो. तुमचं चालू द्या."

"सर, पाणी..." येओम उठला.

"बस," मी म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.

बाहेर कडाक्याची थंडी. हीटर नेमका या मजल्यावरचा बंद. बाकावर बसून ऐकत होतो. आधी काहीच ऐकू येईना. मग ग्वाकबाईंचा आवाज, एक छोटा प्रश्न. पुन्हा शांतता, इतकी लांब की मला वाटलं, संपलं, पोरगी इक्सानला चालली. आणि मग बोरामचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण तो थांबत नव्हता. थोडा मोठा झाला, आणखी मोठा झाला. मग कुणीतरी फस्सकन हसलं. येओम असणार, वर्गातही असाच हसायचा. मग ग्वाकबाई. मग सगळे एकदम, टेबलावर हात आपटून, आणि बोरामसुद्धा. मी तिला त्याआधी हसताना कधी ऐकलंच नव्हतं.

हसतायत माझ्यावर, हे कळत होतं. दुखलं. खोटं कशाला लिहू? पण दर वेळी आत हशा पिकला की मी मनात म्हणत होतो, आणखी, आणखी सांग त्यांना.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बोराम बाहेर आली. गाल लाल, कपाळावरचे केस विस्कटलेले. वाकून नमस्कार केला.

"झाली मान्य, सर. सगळ्यांचं एकमत. तिसरं प्रकरण नव्याने लिहून जानेवारीअखेर द्यायचंय."

मी बाकावर सरकून तिला जागा करून दिली. "आत काय सांगितलंस त्यांना?"

तिने कपाळावरचे केस मागे सारले. म्हणाली, "सर, अजून एक आहे. प्रकरण छापून होईपर्यंत तुम्ही ते वाचायचं नाही."

"असं परीक्षक म्हणाले?"

"नाही, सर," बोराम म्हणाली. "मी म्हणतेय."

मला राग यायला हवा होता. बराच वेळ वाट पाहिली, पण आला नाही.